हिवाळ्यात खिंड ओलांडायची: गाडीच्या तयारीच्या नोंदी

गाडी डिझेलची, ताकद पुढच्या चाकांना, गिअर हाताचे, वय आठ वर्षं. जानेवारीत निघायचं आहे आणि वाटेत २००० मीटरच्या वरची एक खिंड आहे, जिथला रस्ता हिवाळाभर बर्फात असतो. चालवणार मी आणि धाकटा भाऊ. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतेय. शास्त्र फारसं सापडणार नाही. कुठे अडलं आणि कशाने सुटलं तेवढंच.

४ ऑक्टोबर: टायर

सुरुवात टायरपासून, कारण पहिला बर्फ पडला की सगळे एकदम धावतात आणि हवं ते माप मिळत नाही.

सध्याच्या टायरच्या बाजूला "एम+एस" लिहिलंय. पुष्कळ लोक तेवढ्यावर निश्चिंत होतात. पण तो शिक्का टायर कंपनी आपल्या जबाबदारीवर मारते, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. शोधायचं ते तीन शिखरांच्या डोंगरातला हिमकण असलेलं चिन्ह. ते बर्फावर पकड तपासल्याशिवाय मिळत नाही. आमच्या टायरवर ते नाही. नक्षीची खोली मोजली तर पुढे ३.५ मिमी, मागे ५. कायद्याला बऱ्याच देशांत १.६ मिमी पुरते, पण ४ च्या खाली गेलेला टायर मी बर्फात नेणार नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, पुढचे दोनच घेऊ ना, ताकद तिथेच तर जाते." खर्च निम्मा होतो हे खरं. पण पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि मागची सुटली, की उतारावरच्या वळणात गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. चार म्हणजे चारच.

मग गाडीचं पुस्तक उघडलं, आणि ते टायर ठरवायच्या आधी उघडलं हे बरं झालं. आमची चाकं १७ इंची आहेत आणि त्यांवर चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती गुंडाळायची साखळी) लावायला पुस्तकात सक्त मनाई आहे. आतल्या बाजूला जागाच उरत नाही. चेन चालते ती फक्त १६ इंची अरुंद टायरवर. म्हणजे रिमही बदलायच्या. जुन्या रिम शोधल्या. खर्च वाढला, पण दर हंगामाला टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचेल. जुन्या रिम घेताना बोल्टच्या भोकांचं अंतर सगळेच बघतात. त्याखेरीज पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून रिम मोकळी फिरते का, हे एक चाक लावून बघावंच.

१९ ऑक्टोबर: एक टायर उलटा

टायर बसवून आणले. दुकानात उभ्या उभ्या दोन गोष्टी तपासल्या. पहिली, बनवल्याची तारीख: डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे, आधी आठवडा मग वर्ष. तीन टायर यंदाचे आणि चौथा चार वर्षांपूर्वीचा निघाला. "गोडाउनमध्येच होता, वापरलेला नाही" असं उत्तर मिळालं. वापरला नसला तरी रबर कडक होतच असतं. बदलून घेतला.

दुसरी, फिरण्याची दिशा. व्ही आकाराच्या नक्षीचे टायर एकाच दिशेने फिरायचे असतात. बाजूवर बाण असतो, पण तो चिखलात किंवा अंधारात दिसत नाही. सोपी खूण अशी की गाडीसमोर उभं राहून बघितलं तर नक्षीचं टोक खाली दिसायला हवं. मागच्या डाव्या चाकाचं टोक वर होतं. एकच चाक उलटं, म्हणून अदलाबदल करून भागेना. टायर रिमवरून काढून पालटावा लागला. अर्धा दिवस गेला.

साठेक किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळले. टॉर्कच्या पान्याने तपासलं तर दोन नट थोडे फिरले. रिम नव्याने बसवली की हे होतंच, त्यामुळे ही फेरी टाळू नये.

३ नोव्हेंबर: हवा

बंद गॅरेजमध्ये १८ अंशांना २.३ बार भरली. गाडी रात्रभर बाहेर ठेवली, सकाळी उणे ७ अंश होते, मोजली तर २.० च्या आसपास. कुठे गळती नाही. तापमान दर १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार कमी होतात. हवा गार टायरमध्ये, बाहेरच्या थंडीतच मोजायची. उलटी गंमत खिंडीत होईल: वर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो, म्हणून २००० मीटरवर मापक ०.२ बार जास्त दाखवेल. तेव्हा हवा सोडत बसायचं नाही.

८ आणि ९ नोव्हेंबर: कूलंट, आणि त्याने खाल्लेला शनिवार-रविवार

हे तासाभराचं काम म्हणून घेतलं होतं.

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. ते किती थंडीपर्यंत गोठणार नाही हे दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून बघितलं: फक्त उणे १२ पर्यंत संरक्षण. आधीच्या मालकाने उन्हाळ्यात साधं पाणी ओतत ओतत पातळ करून ठेवलेलं. खिंडीत रात्री याहून गार असतं. पाणी गोठलं की फुगतं आणि फुगलं की रेडिएटर नाही तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो.

शेजारच्यांचा सल्ला होता की नुसतं कूलंटच भरा, पाणी कशाला. तसं करू नका. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं. निम्मं पाणी घातलं की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत तग धरतं. पाणी डिस्टिल्ड. आणि रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांच्या मर्जीचे रंग आहेत. पुस्तकातला मानक क्रमांक जुळवायचा.

जुनं काढलं, पाण्याने धुतलं, नवं भरलं. इंजिन तापलं, काटा मधोमध, आणि हीटरमधून थंडगार हवा. थर्मोस्टॅट गेला असेल म्हणून तो मागवायच्या बेतात होते. मग हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून बघितला: एक कढत, दुसरी गार. म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवा अडकून बसली होती आणि कूलंट फिरतच नव्हतं. इंजिन पूर्ण निवू दिलं (गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेने तोंड भाजतं), गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवून नाक वर केलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, हीटरच्या नळीवरचा हवा सोडायचा स्क्रू सैल केला आणि टाकीत हळूहळू ओतत राहिले. आधी फसफस, मग थेंब, मग सलग धार. स्क्रू बंद. इंजिन चालू केलं तर दोन्ही नळ्या सारख्या गरम. दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली गेली होती, भरली. त्यानंतर हलली नाही.

ज्या पाण्याने धुतलं त्यातलं थोडं आत राहतंच, हे भरल्यावर मोजलं तेव्हा कळलं: उणे ३० दाखवत होतं. थोडं काढून तेवढंच शुद्ध कूलंट घातलं, मग उणे ३६. पुरे.

काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

१७ नोव्हेंबर: बॅटरी

मीटर लावला तर १२.५ व्होल्ट, म्हणजे वरवर ठणठणीत. पण तो आकडा गाडी निवांत उभी असतानाचा. गाडी पुन्हा रात्रभर बाहेर ठेवली. पहाटे भावाने सेल्फ मारला आणि मी मीटरकडे बघत होते: ८.९ पर्यंत कोसळला. गाडी सुरू झाली, पण रेटून. थंडीत सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाणाऱ्या बॅटरीवर मी डोंगरात भरवसा ठेवणार नाही. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं तेल घट्ट होऊन स्टार्टरला जास्त जोर मागतं.

नवी घेताना अँपिअर-तासांपेक्षा सीसीएचा आकडा बघितला. उणे १८ अंशांना किती करंट देते ते तो सांगतो. जुनीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, तारेच्या ब्रशने घासली. तेलही बदलायचंच होतं, त्यामुळे पुस्तकाने मान्य केलेल्यांपैकी ०डब्ल्यू (थंडीत पातळ राहणारं) घेतलं.

२६ नोव्हेंबर: चेन, दिवसा

पूर्ण तयारीत सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवावा.

चेन पुढच्या दोन चाकांना, कारण ताकद तिथे. आपल्या गाडीत ती मागच्या चाकांना जात असेल तर मागे. चारही चाकांना असेल तर पुस्तक बघा. डब्यावरच्या तक्त्यात टायरचं माप जुळतंय का ते बघून घेतली.

पहिल्यांदा दुपारी, कोरड्या फरशीवर. लोखंडी कडीची दोरी चाकाच्या मागून सरकवायची, वर आणून जोडायची, मग पुढच्या बाजूची कडी अडकवायची, मग ताणणारी साखळी ओढून कुलपातून घ्यायची. वाचायला सोपं. प्रत्यक्षात मागची कडी वर जोडेपर्यंत घसरून खाली पडायची. उपाय निघाला तो स्टिअरिंगचा: चाक पूर्ण वळवलं की मागे हात जायला जागा होते, आणि साखळ्यांचा गोफ आधी जमिनीवर नीट उलगडून पीळ काढला की कडी टिकते. एका चाकाला पाऊण तास लागला होता, तो दहा मिनिटांवर आला.

हुकांची उघडी तोंडं टायरच्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला. उलट बसली तर टायरची भिंत खरवडतात.

अंगणात हळू चालवून पाहिली. टक, टक, टक. ताणणाऱ्या साखळीचं उरलेलं टोक चाकाच्या वरच्या प्लास्टिकवर आपटत होतं. थोडं आत ब्रेकची नळी आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) तार आहे. पन्नास किलोमीटर हे टोक तसंच आपटलं असतं तर काय झालं असतं ते दिसतच होतं. टोक दोन कड्यांतून गुंतवून टाकलं. शंभरेक मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणली, तेव्हा चार बोटं सैल झाली होती. ही दुसरी ताण वगळणाऱ्यांच्याच चेन निघून जातात.

२८ नोव्हेंबर: चेन, रात्री

तीच चेन, आता अंधारात, उणे ५ ला, हातमोजे घालून. दिवसाची सगळी ऐट उतरली. लोकरीचे मोजे ओले होऊन लोखंडाला चिकटले. मोजे काढले तर दोन मिनिटांत बोटांना कडीचं तोंड कळेना. भाऊ टॉर्च धरायचा, आणि त्याची सावली नेमकी कडीवर.

बदललं ते हे: रबराचा थर असलेले कामाचे हातमोजे, आत पातळ मोजे. कपाळाला बांधायचा दिवा, प्रत्येकाला वेगळा. गुडघ्याखाली घ्यायला फोमचा जाड तुकडा. जोडणीच्या कड्यांना लाल तेलरंग, मागच्याला एक पट्टा, पुढच्याला दोन. आणि चेन डिकीत सामानाच्या वर, तळाशी नाही. या बदलांनंतर अंधारातही दिवसाच्या वेळेच्या जवळ आलो.

५ डिसेंबर: काचा

वॉशरमध्ये थंडीचं द्रव भरलं, तरी सकाळी नुसता पंपाचा आवाज. टाकीत नवं होतं पण नळ्यांत आणि नोझलमध्ये जुनं उन्हाळी पाणी, ते गोठलेलं. उन्हात वितळेपर्यंत थांबून निळं द्रव बाहेर येईपर्यंत फवारत बसले. सुटलं.

काच आतून गोठत होती, याचं कारण मात्र पटकन सापडलं नाही. एसी लावून हीटर चालू ठेवला (एसी हवा कोरडी करतो), आतल्या हवेचं बटण बंद ठेवलं, तरी सकाळी काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा. शेवटी पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला तर खालचा फोम पिळण्याइतका ओला. वायपरच्या खालच्या पन्हाळात वाळकी पानं कुजून पाणी जायची भोकं बुजली होती. पाणी हवेच्या वाटेने आत उतरत होतं. पानं काढली, भोकांतून तार फिरवली, गालिचा काढून आठवडाभर वाळवला. हे ज्याला त्रास देत असेल त्याने महागडी धुकं-विरोधी द्रव्यं घेण्याआधी पानं बघावीत.

दाराच्या रबरांना सिलिकॉन लावलं. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते.

१२ डिसेंबर: डिझेल, थोडक्यात

उन्हाळ्याचं डिझेल थंडीत मेणासारखं साकळतं आणि फिल्टर तुंबतो. टाकी जवळजवळ रिकामी करून हिवाळी डिझेल भरलं, फिल्टर बदलला. साकळू नये म्हणून घालायचं द्रव साकळण्याआधी घातलं तरच उपयोगी. नंतर ओतून काही होत नाही. अॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) उणे ११ ला गोठतं, पण टाकीला हीटर असतो, त्यामुळे घाबरू नये. फक्त काठोकाठ भरू नये, गोठताना फुगतं.

२० डिसेंबर: मोकळ्या मैदानात

पहिला दाट बर्फ. रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी चालवलं.

तासी ४० वरून कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण ९-१० मीटरमध्ये थांबते. इथे दाबल्या गेलेल्या बर्फावर, हिवाळी टायर असूनही, २५ च्या पुढे गेली. कडक बर्फावर ६० धरून चाला. आणि तो कडक बर्फ उणे १५ पेक्षा शून्याच्या आसपास जास्त निसरडा, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो.

एबीएस लागला की पॅडल पायाखाली थरथरतं; भावाने दचकून पाय उचलला. थरथरलं तरी दाबून धरायचं आणि स्टिअरिंग जिथे जायचंय तिथे. हे त्याच्या पायाला पटेपर्यंत करून घेतलं. उतारासाठी दुसरा गिअर, पण गिअर उतरवताना क्लच झटक्यात सोडला की पुढची चाकं क्षणभर ब्रेक मारल्यासारखी अडकतात. क्लच सावकाश.

रुतल्यावर जागच्या जागी चाक फिरवू नये, खालचा बर्फ वितळून पुन्हा घट्ट होतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की त्याची ताकद तोडणारी यंत्रणा) बंद करून पुढे-मागे हलकेच झुलवलं, दोन फावडी वाळू टाकली, निघाली.

२ जानेवारी: डिकी

आखूड दांड्याचं लोखंडी फावडं (प्लास्टिकचं कडक बर्फावर तुटलं), वाळूची पिशवी, घोंगड्या, जम्पर केबल, बारीक तार आणि पक्कड, चकाकणारी जाकिटं, पाणी, कोरडा खाऊ. पाण्याच्या बाटल्या काठोकाठ न भरता वर थोड्या रिकाम्या ठेवल्या, गोठताना पाणी फुगतं.

ओढण्याचा हुक बाहेर काढून लावून बघितला. बंपरवरचं झाकण रंगाने चिकटलं होतं, आणि हुकाचे आटे उलटे आहेत. डावीकडे फिरवून आवळतो. रात्री बर्फात हे शोधायला लागू नये.

अडकून पडलो तर इंजिन सलग चालवायचं नाही. तासाला दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी आधी सायलेन्सरचं तोंड फावड्याने मोकळं करायचं. ते बर्फात बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी.

११ जानेवारी: खिंड

चेन सक्तीची पाटी लागण्याआधीच सपाट जागा बघून लावल्या. पाटीच्या पुढे चढावर पाच-सहा गाड्या आडव्यातिडव्या थांबून तेच करत होत्या, आणि त्यांच्यामुळे मागच्यांचा वेग तुटून तेही अडकत होते.

वर उणे १४. रस्त्यावर मीठ होतं, पण एवढ्या थंडीत ते फारच संथ काम करतं. बर्फ काढणाऱ्या यंत्रामागे गेलो, त्याला ओलांडायचा विचारही केला नाही. एलईडी दिवे गार राहतात, त्यांवरचा बर्फ वितळत नाही. दर थांब्याला हाताने पुसले.

अर्ध्या चढावर उजव्या चाकातून पुन्हा टकटक. चेन ताणून ठेवणारा रबरी पट्टा थंडीने तडकला होता. प्लास्टिकचा बंध लावला तर तोही हातातच तुटला. बारीक तारेने टोक शेजारच्या कडीला तीन वेढे देऊन आवळलं, तासी ३० च्या वर गेलो नाही, आणि ते खालपर्यंत टिकलं. उतारावर काळा रस्ता सलग दिसायला लागल्यावर चेन काढल्या. डांबरावर चेन आणि टायर दोन्ही झिजतात.

मुक्कामी भावाने सवयीने हॅन्डब्रेक ओढला. सकाळी मागचं डावं चाक फिरेना, ओले ब्रेक शू ड्रमला गोठून बसलेले. हलकेच पुढे-मागे केलं, ड्रमवर लाकडाने ठोकलं, सुटेपर्यंत तास गेला. त्यापुढे रात्री गाडी गिअरमध्ये, चाकाला उटी (अडवायचा ठोकळा), हॅन्डब्रेक खाली. स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवलीय.

१९ जानेवारी: परत आल्यावर

गाडीचं पोट खालून पाण्याच्या जोरात धुतलं, चाकांच्या कमानींसकट. चेन गोड्या पाण्यात खळबळून, वाळवून, तेलाचा हात देऊन टांगल्या. उजव्या चेनच्या दोन कड्या आतल्या बाजूने झिजल्यात. त्या बदलायला सुटे भाग मिळतात, पूर्ण संच घ्यायची गरज नाही. रबरी पट्टे चार मागवले, दोन लावायला आणि दोन डिकीत. प्लास्टिकचे बंध पेटीतून काढून टाकले, तार वाढवली.

पुढच्या टायरची नक्षी मागच्यांपेक्षा अर्धा मिमी जास्त झिजलीय. रिमवर आतून खडूने "पुढे डावा", "मागे डावा" असं लिहून ठेवलंय. पुढच्या ऑक्टोबरात पुढचे मागे, मागचे पुढे, पण त्याच बाजूला. नक्षी एका दिशेची असल्यामुळे डावा टायर उजवीकडे नेता येत नाही.